समुद्राकडून येणाऱ्या माशाला आडवी येणारी पहिली भिंत: कोकणातले बंधारे, धरणं आणि चढणीचे मासे

शास्त्रीकाठ

धरणं आणि मासे हा विषय निघाला की बोलणं लगेच कोयना, तिलारी, भातसा या मोठ्या नावांकडे जातं. मला या धाग्यात एका लहान भिंतीबद्दल बोलायचं आहे. खाडीतून नदीत शिरलेल्या माशाला सगळ्यात आधी जी भिंत आडवी येते, ती. कोकणात ती बहुतेक वेळा कमरेएवढा किंवा फार तर पुरुषभर उंचीचा बंधारा असते. तिचं नाव कुठल्या नकाशावर नसतं आणि कुठल्या आंदोलनातही येत नाही.

आपल्या नद्या आखूड आहेत. उल्हास, वैतरणा सोडल्या तर बहुतेक नद्या सह्याद्रीतून निघाल्या की शंभर किलोमीटरच्या आतच समुद्राला मिळतात, आणि त्यातलाही बराच भाग खाडीचाच. वाशिष्ठीत दाभोळपासून चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत भरती चढते. शास्त्रीत जयगडपासून पार संगमेश्वरच्या अलीकडेपर्यंत. भरतीची हद्द संपते तिथून घाटाच्या पायथ्यापर्यंत जे गोडं पाणी उरतं, तेवढंच या माशांचं घर. मोठी धरणं त्या घराच्या वरच्या टोकाला आहेत. लहान बंधारा मात्र अनेकदा भरतीच्या हद्दीलाच, म्हणजे थेट दारात बांधलेला असतो.

आमच्या गावाखालच्या बंधाऱ्याचं सांगतो. पावसाळ्यात वरून पाणी पडतं त्या जागी खाली काँक्रीटचा सपाट चौथरा आहे. त्यावरून पाण्याचा पातळ पडदा वाहतो, घोटाही बुडत नाही. मासा उसळी मारायला येतो तेव्हा अंग उचलायला त्याला खोल पाणी लागतं, आणि तेच तिथे नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शिंगटी आणि मळवे त्या चौथऱ्यावर आडवे होऊन तडफडताना दिसतात. लोक टोपल्या घेऊन उभे असतात. टोपलीवाल्यांवर माझा राग नाही. पण अंड्यांनी भरलेली मादी दर वर्षी त्याच जागी अडणार आणि तिथेच संपणार, तर वरच्या कोंडींत, म्हणजे डोहांत, मासा येणार कुठून?

इतरांच्या नद्यांवर काय चित्र आहे? आणि यावर काही उपाय झालेला कुणी पाहिला आहे का?

व्हाळातलो

दादानू, अगदी खरा बोललात. आमच्याकडे मिरग लागलो नि पयलो मोठो पाऊस झालो की राती बत्ते घेवन सगळो वाडो व्हाळार. मळये, खवळे, शेंगटी, वाळय, सगळा वर चढता. व्हाळातसून मळ्यात, मळ्यातसून वरच्या कोपऱ्यात. भाताच्या मळ्यात अंडी घालून मासो परत खाली उतारता.

आता व्हाळार चार बंधारे झाले. पाणी वाढला ह्या खरा, विहिरींका मे म्हयन्यात पाणी ऱ्हवता, म्हणान कोणी बंधाऱ्याच्या विरोधात बोलणा नाय, नि मी पण बोलणार नाय. पण पयल्या बंधाऱ्याखाली सगळो मासो गोळा जाता आणि थयच पागान मारतत. वरच्या वाडीत चढनीचो मासो गावना बंद झालो तेका बरीच वर्सा झाली. थयल्या पोरांका चढन म्हणजे काय ता दाखवक खाली आणूचा लागता.

निळी_खाडी

मी रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालयात शिकले, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. या धाग्यात दोन वेगळे प्रवास एकत्र आले आहेत. ते सुटे केले तर उपायही सुटे दिसतील.

एक प्रवास व्हाळातलो यांनी सांगितला तो. मळवे, शिंगटी, नदीतली वाम, मरळ यांचं सगळं आयुष्य गोड्या पाण्यातच जातं. पहिल्या पुराबरोबर ते नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून शेतात चढतात. अंतर कमी, पण वेळ ठरलेली. तो आठवडा चुकला की वर्ष गेलं.

दुसरा प्रवास समुद्र किंवा खाडी आणि नदी यांच्यामधला. यात अहेर येते, म्हणजे नदीतली खरी ईल. ती बाजारात वाम म्हणूनच विकली जाते, पण काटेरी पाठीची नेहमीची वाम वेगळी. अहेर नदीत वर्षानुवर्षं वाढते, पुरुषभर लांब होऊ शकते, आणि मग एकदाच, पुराच्या पाण्याबरोबर समुद्रात उतरते. तिथे अंडी घालून ती मरते. पिल्लं आधी पानासारखी चपटी आणि पारदर्शक असतात. प्रवाहांबरोबर वाहत किनाऱ्याला लागेपर्यंत त्यांचा काचेच्या दोऱ्यासारखा आकार होतो. त्या पिल्लांना नदीत वर चढायचं असतं. धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत (IUCN) ही जात संकटाच्या उंबरठ्यावर असल्याची नोंद आहे.

गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, जिला शेततळ्यावाले जंबो म्हणतात, तिचं उलट आहे. मोठी होते नदीत, पण अंडी पोटाखाली धरून मादी खाडीकडे उतरते, कारण पिल्लांना निमखारं पाणी लागतं. नुसत्या गोड्या पाण्यात ती काही दिवसांत मरतात. निमखाऱ्या पाण्यात अकरा अवस्था पार केल्या की ती छोट्या कोळंबीच्या रूपात येतात आणि मग काठाकाठाने वर चालत निघतात. शब्दशः चालत. ओला दगड, ओली भिंत असेल तर त्यावरूनही चढतात.

म्हणजे एकाच बंधाऱ्यावर तीन गिऱ्हाइकं येतात. मळव्याला खोल पाणी आणि सौम्य उतार हवा. अहेरच्या पिल्लाला आणि कोळंबीला ओलसर, खरबरीत पृष्ठभाग पुरतो. आणि खाली उतरणाऱ्या मोठ्या अहेरला आणि अंडीवाल्या कोळंबीला उतरायची सुरक्षित वाट हवी. ही तिसरी गोष्ट सगळे विसरतात.

पेणचा_खारकरी

आमच्याकडे नदीवरच्या बंधाऱ्याच्याही आधी खारबंदिस्ती येते. रायगडातल्या धरमतर, पाताळगंगा, अंबा या पट्ट्यात खाडीचं पाणी शेतात घुसू नये म्हणून बांध घातलेले आणि बांधात उघाड्या, म्हणजे पाणी सोडायची झडपेची तोंडं. ओहोटीला झडप उघडते, पावसाचं पाणी बाहेर जातं. भरतीला झडप आपोआप बसते. शेतीसाठी ही व्यवस्था लागतेच. एकदा खारं पाणी घुसलं तर पुढची दोन-तीन पिकं जातात.

पण याचा फटका बसला जिताड्याला. जिताडा अंडी घालतो नदीमुखापाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्लं पावसाळ्यात खाडीच्या फाट्यांतून आत येतात आणि शेतातल्या, तळ्यातल्या गोड्या पाण्यात वाढतात. आमच्या आजोबांच्या वेळेपासून अलिबाग-पेण भागात दारातल्या तळ्यात जिताडा वाढवायची रीत आहे. तरुणपणी तो नर असतो, मोठा झाला की मादी होतो. म्हणजे मोठे मासे टिकले नाहीत तर अंडी घालायला मादीच राहत नाही. आणि पिल्लं आत येतात तीच भरतीच्या पाण्याबरोबर, नेमकी झडप बंद असते त्या वेळी.

जुन्या लाकडी झडपा कुठेतरी फटीला जागा ठेवायच्या. नव्या लोखंडी झडपा गच्च बसतात. शेतकरी म्हणून मला ते बरं वाटतं. पण पूर्वी तळ्यात पिल्लं आपसूक यायची, आता ती विकत आणून सोडावी लागतात.

कोळकेवाडीखालचा

शास्त्रीकाठ, तुमचा मुद्दा पटला, पण मोठ्या धरणांना इतक्या सहज सोडू नका. आमची वाशिष्ठी बघा. कोयना नदी मुळात पूर्वेकडे कृष्णेला जाणारी. तिचं पाणी बोगद्यांतून घाटाखाली पोफळीला आणून वीज केली जाते आणि पुढे ते कोळकेवाडीच्या जलाशयातून आमच्या नदीत येतं. वर्षाला 67.5 टीएमसीपर्यंत (अब्ज घनफूट) पाणी असं पश्चिमेला वळवायची मुभा आहे. त्यामुळे भर मे महिन्यात शेजारच्या नद्या दगड दाखवत असतात तेव्हा वाशिष्ठी वाहत असते. डोह जिवंत राहतात, हे चांगलंच.

पण ते पाणी विजेच्या मागणीप्रमाणे येतं. संध्याकाळी मागणी वाढली की नदी चढते, मागणी ओसरली की उतरते. सकाळी काठाच्या गोट्यांत बुडालेली जागा काही तासांनी उघडी पडलेली असते. काठालगत चिकटवलेली अंडी, उथळात आलेली पिल्लं, सगळं तसंच मागे राहतं. निसर्गात पाणी असं दिवसात दोनदा वर-खाली होतं ते फक्त खाडीत.

दुसरं, मोठं धरण जूनमध्ये आधी स्वतः भरतं. घाटात धो धो पाऊस पडला तरी पहिला लोंढा जलाशयातच जिरतो. दरवाजे उघडतात धरण भरल्यावर, कुठे जुलैअखेर, कुठे ऑगस्टमध्ये. खालच्या नदीत मासा ज्या गढूळ, थंड पाण्याची वाट बघत असतो, ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही, किंवा पोचतं तेव्हा अंडी घालायचा मोसम निघून गेलेला असतो. बंधाऱ्याला उतार करून दिलात, पण चढायची खूणच आली नाही, तर मासा चढणार कसा?

शास्त्रीकाठ

@कोळकेवाडीखालचा, हे मान्यच आहे, आणि माझ्या पोस्टमध्ये यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. तरीही माझा भर पहिल्या बंधाऱ्यावर का, ते सांगतो. धरणाखाली दोन-चार किलोमीटरवर डाव्या-उजव्या बाजूने ओढे येऊन मिळतात. त्यांच्यावर धरण नाही, त्यांना पहिला पूर वेळेवर येतो. कोकणात पाऊस एवढा आहे की धरणाखालची नदीसुद्धा जूनमध्ये स्वतःचं पाणी गोळा करते. मासा त्या ओढ्यांवर भागवू शकतो. पण भरतीच्या हद्दीवर भिंत असेल तर अहेर आणि कोळंबी यांच्यासाठी त्या वरची सगळी नदी, सगळे ओढे, एकाच जागी बंद. धरण नदीचा वरचा तुकडा तोडतं, ही भिंत अख्खी नदी तोडते.

वाडा_वैतरणा

आमची वैतरणा मुंबईची पाणीपुरवठादार. मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, आणि शेजारी तानसा, ते तर 1892 पासूनचं. इथे मोठ्या धरणांचा विषय टाळताच येत नाही.

पण याच नदीवर तिळसेश्वराच्या देवळापाशी देवाचे मासे आहेत. त्यांना कुणी हात लावत नाही, लोक येऊन कुरमुरे घालतात. महाडकडे वाळणकोंडीतही तसेच राखलेले महासीर आहेत. डोह राखला म्हणून मासा राहिला हे दिसतंच. मात्र महासीर मोठा प्रवास करणारा मासा आहे, अंडी घालायला त्याला वरच्या अंगाची वाहती, गोट्यांची जागा लागते. डोह राखला आणि वरची वाट तुटली तर देवाचे मासे म्हातारे होत जातील आणि मागे कुणी उरणार नाही. डोहात लहान पिल्लं दिसतात का, हे दर वर्षी बघायला हवं. मोठे मासे बघून लोक निर्धास्त होतात.

निळी_खाडी

वाडा_वैतरणा यांचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. दीर्घायुषी माशांत ऱ्हास उशिरा कळतो. अहेरचंही तेच. बंधारा होण्याआधी वर गेलेल्या अहेर पुढे कित्येक वर्षं डोहात सापडत राहतात, आणि लोक म्हणतात, बंधाऱ्याने काही बिघडलं नाही.

बाहेरची दोन उदाहरणं सांगते. कावेरीवर 1934 साली मेट्टूर धरण झालं आणि समुद्रातून वर चढणारा पाला, म्हणजे बंगालचा इलिश, त्या नदीतून जवळपास संपला. गंगेवर 1975 मध्ये फराक्का बराज सुरू झाला. त्याआधी पाला अलाहाबादच्याही वर जायचा. नंतर तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यात तो नावापुरता उरला. फराक्काला माशांसाठी वाट ठेवलेली होती, तरीही हे झालं. वाट आहे आणि मासा ती वापरतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थायलंडमध्ये पाक मुन धरणावर 1994 मध्ये माशांची शिडी केली, ती चालली नाही, आणि शेवटी वर्षातले काही महिने दरवाजे उघडे ठेवायची वेळ आली. अशा बऱ्याच शिड्या सॅमनसारख्या जोरदार उड्या मारणाऱ्या माशांचा विचार करून आखलेल्या असतात. आपली शिंगटी तळाला धरून चालणारी.

निवृत्त_पाटकरी

पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून बांधणाऱ्याच्या बाजूने लिहितो. शास्त्रीकाठ, तुमचा बंधारा कोणत्या प्रकारचा आहे ते आधी पाहा, कारण उपाय त्यावर ठरतो.

वनराई बंधारा असेल, म्हणजे माती-वाळूने भरलेल्या सिमेंटच्या पिशव्या, तर तो पावसात निघूनच जातो. माशाला त्याचा त्रास नाही. कोकणात मला हा प्रकार सगळ्यात योग्य वाटतो. लोक दर वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये श्रमदानाने घालतात, पाणी फेब्रुवारी-मार्चपर्यंत टिकतं.

कोल्हापूर पद्धतीचा असेल तर त्याला बर्गे असतात, म्हणजे खांबांमधल्या गाळ्यांत बसवायच्या, काढता-घालता येणाऱ्या फळ्या. पावसाळा सरल्यावर बर्गे घालायचे आणि पावसाआधी काढायचे, हा नियमच आहे. नियम पाळला तर जूनमध्ये मधल्या गाळ्यांतून नदी मोकळी वाहते. प्रत्यक्षात वरचे बर्गे निघतात, तळाचे दोन-तीन गाळात रुतून बसतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. माशासाठी तेच तळाचे बर्गे भिंत होतात. ते काढायला फार खर्च येत नाही, मेअखेर पाणी आटल्यावर गाळ उकरून साखळी-कप्पीने उचलता येतात. मी स्वतः काढून घेतले आहेत.

पक्का काँक्रीटचा, बर्गे नसलेला बंधारा असेल तर मात्र उतार बांधावा लागेल. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, एका काठाला धरून मोठे काळे दगड रचून खडकाळ नदीपात्रासारखा उतार. एकास वीस, किंवा त्याहून सौम्य. म्हणजे दीड मीटर उंचीला किमान तीस मीटर लांब. दगड तळात पक्के रोवायचे, मध्ये मध्ये मोठे दगड उभे ठेवून मागे विसाव्याचे खळगे करायचे. आणि बंधाऱ्याच्या माथ्यावर त्या बाजूला एक खाच, म्हणजे पाणी कमी असलं तरी आधी तिथूनच जाईल. खाच नसेल तर उतार कोरडा राहतो आणि सगळा खर्च वाया. आमचे पूर जबरदस्त, त्यामुळे दगड लहान घेतलात तर पहिल्याच जुलैत वाहून जातील, हेही लिहून ठेवा.

चौथऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. तो धूप थांबवायला लागतो, फोडू नका. त्याच्या कडेला आडवी ठेंगणी भिंत घातली तर त्यावर पाणी साठतं आणि माशाला उसळी घ्यायला खोली मिळते.

व्हाळातलो

पाटकरी काकानू, आमचे दोन बंधारे बर्ग्याचे आसत. तळाचे बर्गे रुतलेले म्हणतास ता अगदी तसाच आसा. येत्या मे म्हयन्यात वाडीत सांगतंय. पाणी कमी होयत म्हणान लोक घाबरतले, तेंका काय सांगू?

निवृत्त_पाटकरी

बर्गे पावसाआधी काढायचे आहेत, ऑक्टोबरात परत घालायचेच आहेत. पावसाळ्यात पाणी अडवून उन्हाळ्याला काही मिळत नाही, उलट गाळ साठून बंधाऱ्याची पोटजागा कमी होते. तळाचे बर्गे काढले की पुराबरोबर गाळ निघून जातो आणि पुढच्या वर्षी पाणी जास्त साठतं. माशाचं नाव न काढताही हे त्यांना पटेल. नाव काढलंत तर अजून बरं.

निळी_खाडी

पक्क्या बंधाऱ्यासाठी उतार बांधेपर्यंत एक स्वस्त गोष्ट करून बघता येईल. न्यूझीलंडमध्ये रस्त्याखालच्या मोऱ्यांतून शिंपल्यांच्या शेतीसाठी वापरतात तसले केसाळ दोर सोडतात. पाणी दोरावरून झिरपत राहतं आणि लहान मासे, कोळंबी त्याला धरून वर जातात. आपल्याकडे काथ्या आहे. बंधाऱ्याच्या माथ्यापासून खालच्या पाण्यापर्यंत, काठाजवळ, पाणी शांतपणे ओघळतं तिथे काथ्याचे जाड दोर पक्के बांधले तर अहेरची पिल्लं आणि कोळंबी यांच्यासाठी वाट होऊ शकते. शिंगटी, मळव्यांना याचा उपयोग नाही, हे लक्षात ठेवा.

आणि मोऱ्यांचा विषय निघालाच आहे तर, रस्ते रुंद होताना ओढ्यावर सिमेंटचे पाइप टाकतात. त्यांचं खालचं तोंड एक-दीड फूट अधांतरी राहतं. पाइपाच्या आत गुळगुळीत तळावरून पाणी सुसाट जातं. एवढ्यानेही चढण तुटते. पाइप तळाखाली थोडा गाडून घातला आणि त्यात गोटे साठू दिले तर प्रश्न येत नाही. काम चालू असताना गावकऱ्यांनी सांगितलं तर खर्च शून्य, नंतर सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

पेणचा_खारकरी

उघाड्यांसाठी असं काही आहे का?

निळी_खाडी

आहे. झडप पूर्ण उघडी ठेवायची नाही. तिला एक छोटी खिडकी ठेवायची किंवा तरंगत्या वजनावर चालणारी झडप लावायची, म्हणजे भरती सुरू झाल्यावर पहिला काही वेळ थोडं पाणी आत येतं आणि पातळी वाढली की झडप बंद होते. पिल्लांना एवढा वेळ पुरतो. ऑस्ट्रेलियात अशा झडपा बऱ्याच ठिकाणी बसवल्या आहेत. तुमच्याकडे मात्र हे भर पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टला करा. तेव्हा खाडीचं पाणीही बरंच गोडं झालेलं असतं, शेताला धोका कमी. भात पोटरीत येण्याच्या वेळी बंद करा.

पेणचा_खारकरी

हे आमच्या उघाडीवर करता येईल. खिडकी केवढी?

निवृत्त_पाटकरी

उघाडीची रुंदी, झडपेची उंची आणि आतल्या सगळ्यात सखल शेताची पातळी कळवा, मग आकडा सांगतो. उधाणाच्या भरतीला पाणी बांधावर कुठवर चढतं त्याची खूणही करून ठेवा. अमावास्येची भरती बघा, पौर्णिमेचीही बघा. शास्त्रीकाठ, तुम्हीही बंधाऱ्याची उंची, चौथऱ्याची लांबी आणि जूनमधल्या कमी पाण्याच्या दिवसाचा फोटो इथे टाका. कोणत्या काठाला खडक आहे तेही लिहा, उतार त्याच बाजूला घ्यायचा.

शास्त्रीकाठ

खडक डाव्या काठाला आहे. मापं या रविवारी घेतो आणि इथेच टाकतो. काथ्याच्या दोरांचं मेच्या ग्रामसभेत मांडतो आहे, पाऊस सुरू व्हायच्या आत बांधून झाले पाहिजेत.

व्हाळातलो

दोर आमच्याकडसून घेवा. वेंगुर्ल्याक काथ्याचा काम चलता. किती जाड होये ता सांगा, मी बघून ठेवतंय.

निळी_खाडी

मनगटाएवढा, सैल पिळाचा, केसाळ. गुळगुळीत नको.